रविवारचा आकडा

लिफ्टमधलं स्टूल तीन पायांचं होतं. त्यावर बसलेला माणूस दिवसभर वर जायचा, खाली यायचा आणि जागचा हलायचा नाही.

·

काचेच्या नळ्या धुतल्या की उलट्या टांगतात. आतून वाळल्या की नाही, ते बोट घालून बघता येत नाही.

·

जिममधल्या मोठ्या टीव्हीचा आवाज कायम बंद. पडद्यावर कुणी जीव खाऊन ओरडत असलं तरी आपल्याला नुसता उघडा जबडा दिसतो.

·

"आलो, आलो."

·

बिनहातांची लाकडी खुर्ची. पायांना रबरी टोप्या.

·

मोठं वजन उचलायचं असेल तर आधीचे दोन दिवस काहीही करायचं नाही. जिममध्ये हे सगळ्यांना माहीत असतं.

रविवार

कोच जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आली आणि दार उघडेपर्यंत तिने तीनदा बेल वाजवली.

"आग लागलीये का?" वहिनीने दार उघडलं. "या, कोचबाई."

हे नाव वहिनीनेच पाडलं होतं, चिडवायला. मग ते घरभर झालं. कोच शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जिममध्ये लोकांना वजनं उचलायला शिकवते. पहाटे एक पाळी, संध्याकाळी एक, मोकळा दिवस एकच. तिच्या वर्गातून बाहेर पडणारी माणसं भिंतीला धरून जिना उतरतात आणि पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतात.

बाबा खिडकीपाशी बसले होते. एका उंच इमारतीत ते लिफ्टमन होते, ती इमारत नुसत्या बटणांवर चालायला लागेपर्यंत. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. दादा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, म्हणजे घरी पाहुण्यासारखा. वहिनी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, सकाळी जाते ती दुपारी येते. त्या मधल्या वेळात बाबा घरी एकटे. एकटं राहायचं तर खुर्चीतून आपलं आपण उठता आलं पाहिजे आणि संडासपर्यंत जाता आलं पाहिजे. तेवढंच. ते जमलं नाही तर वहिनीने नोकरी सोडायची, नाहीतर बाबांनी म्हाताऱ्यांच्या त्या निवासात जायचं, जिथे गेलेला त्यांचा एक मित्र फोनवर आता फक्त "बरं आहे" म्हणतो. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि पूर्ण वाक्यात कुणी बोलत नव्हतं.

"पट्ट्या आल्या ना?" कोचने विचारलं. व्यायामाच्या रबरी पट्ट्या तिने ऑनलाइन मागवल्या होत्या.

"आल्या की. त्या काय, खोक्यात," बाबा म्हणाले.

"आणि व्यायाम?"

"रोज. ती फिजिओवाली बाई सांगून गेलीये ते सगळं."

ते सगळं म्हणजे ओट्याला धरून टाचा उचलायच्या, खुर्चीतून थोड्या वेळा उठायचं-बसायचं आणि पॅसेजमधून भिंतीच्या कडेने जाऊन यायचं. बाई म्हणाली होती, दमायचं नाही. कंटाळा आला तरी हरकत नाही, पण दमायचं नाही.

"याला व्यायाम म्हणतात?" कोच हसली. "आमच्याकडे लोक कपडे बदलताना याच्यापेक्षा जास्त करतात."

"तुमच्याकडच्या लोकांच्या खुब्यात धातू नाही," वहिनी आतून म्हणाली.

"वहिनी, एकीच्या आहे. ती ट्रकचं टायर उलटवते." कोचने बिनहातांची खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली. "ये, बाबा. बघू तरी तुझ्यात किती दम आहे. हात छातीवर. ओट्याबिट्याला धरायचं नाही. उठायचं, बसायचं, आणि मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी हात छातीवर घेतले, मान ताठ केली, अगदी कामावर असताना करायचे तशी.

"कितवा मजला, मॅडम?"

"सगळ्यात वरचा."

"मग धरून उभ्या राहा."

ती मोठ्याने मोजत होती. बाबांचा चेहरा लाल झाला, मग लालीच्याही पुढे गेला. "अजून एक! अजून एक! जीव लाव!" शेवटच्या वेळी ते अर्ध्यात अडकले, थरथरले, आणि तिच्या आवाजाला धरून उभे राहिले. तिने आकडा असा जाहीर केला, की शेजारच्यांनाही कळावा. वहिनी दारात येऊन टाळ्या वाजवत होती. बाबा हसत होते. खुबा मोडल्यापासून ते तसे हसले नव्हते.

रविवार

आकडा वाढला.

रविवार

आकडा घटला.

कोचचा चेहरा पडला, आणि तिचा चेहरा पडला की सगळ्या खोलीला दिसतो.

"काल काय केलंस तू?"

"काय म्हणजे? बाईंचा व्यायाम. शिवाय तू सांगितलेल्या त्या पट्ट्या. आणि जिना, एक मजला."

"काल? आदल्या दिवशी?" तिने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, मोठ्या दिवसाच्या आधी विश्रांती घ्यायची असते. पाय ताजे ठेवायचे. एवढं साधं."

"असं होय," बाबा म्हणाले. "मला काय माहीत. लिफ्टला आदल्या दिवशी सुट्टी नसायची."

तिघंही हसली.

रविवार

आकडा वाढला. "बघ! विश्रांती घेतलीस ना?"

"घेतली."

रविवार

आकडा वाढला. बाबा आता अंघोळ करून, बाह्या दुमडून, ती यायच्या आधीच खुर्चीत बसलेले असायचे. कोचने फोन वहिनीच्या हातात दिला आणि व्हिडिओ काढायला लावला. त्यात बाबा उठतात, बसतात, दात आवळतात, शेवटी दोन्ही मुठी वर करतात. कोच आत धावत येते आणि त्यांना मिठी मारते. फोन थोडा हललाय. वहिनी हसत असावी, असं वाटतं.

जिमच्या मालकाने तो व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला. लोक वजनं खाली ठेवून बघायचे. "काका तुफान आहेत," म्हणायचे. दमलेल्यांना कोच टीव्हीकडे बोट दाखवायची. आणखी काही सांगावं लागायचं नाही.

रविवार

रविवार

रविवार

मधले दिवस इथे नाहीत. तिच्याकडेही नव्हते.

बुधवार

मालक म्हणाला, "काकांच्या व्हिडिओला लोकांनी डोक्यावर घेतलंय. पण सगळे विचारतात, इतर दिवशी काका काय करतात? तसं काहीतरी दाखव ना. रोजचा सराव, साधा, घरगुती. सातत्य! हल्ली सातत्य फार चालतंय."

म्हणून सकाळची पाळी संपल्यावर कोच बसमध्ये बसली. कुणालाही न सांगता. रोजचं टिपायचं तर अवचित गेलेलं बरं.

तिने बेल वाजवली.

"आलो, आलो," आतून बाबा म्हणाले.

ती फोन तयार धरून उभी राहिली. दार उघडलं की पहिला चेहरा हवा होता तिला.

दार उघडलं नाही. तिने पुन्हा वाजवली.

"आलो."

"बाबा, मी आहे."

"आज बुधवार ना?"

"हो."

"मग?"

"मग काय? सहज आले. उघड की."

"रविवारी ये, बाळा. आज जरा झोपलो होतो."

"झोपलेला माणूस एवढं बोलतो? काय लपवतोयस? पार्टी चाललीये का आत?"

बाबा हसले. ते हसू आतूनच, आणि बसलेल्या उंचीवरून आलं. "उघडतो. आलो." मग फरशीवर रबर घासल्याचा आवाज. पुन्हा एकदा. मग धाप. मग काहीच नाही.

घराची किल्ली तिच्याकडे नव्हती. कधी लागलीच नव्हती, रविवारी वहिनी असते. ती पायरीवर बसली. दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा आतून "आलो" आलं. तिसऱ्यांदा तिने हाक मारली नाही.

दुपारी वहिनी जिना चढून आली. कोचला बघून ती थबकली, पण तू इथे कशी, असं तिने विचारलं नाही.

"तू खाली जाऊन ये जरा," वहिनी म्हणाली. "मी हाक मारते."

"का?"

"जा म्हटलं ना."

वहिनीने दार उघडलं आणि कोच तिच्यामागून आत शिरली.

बाबा बिनहातांच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र उघडून पसरलेलं होतं, पण ते वाचत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. वर्तमानपत्राचा खालचा अर्धा भाग ओला होऊन काळवंडला होता. खुर्चीखाली फरशीवर थारोळं, त्याच्या कडा वाळायला लागलेल्या.

वहिनीने पिशवी खाली ठेवली. खुर्चीच्या मागे भिंतीला एक खिळा होता, त्याला टॉवेल टांगलेला. टॉवेलची ती जागा नव्हे. हात मागे केला की मिळावा, असा बेतून ठोकलेला खिळा होता तो. वहिनीने न बघता हात मागे केला, टॉवेल घेतला, वर्तमानपत्राची घडी करून ते बाजूला टाकलं, बाबांच्या काखेत खांदा घातला.

"चला. कितवा मजला?"

"तळमजला," बाबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

कोच दुसऱ्या बाजूने पुढे झाली. लोकांना उचलणं हा तिचा धंदा आहे.

"तू नको," बाबा म्हणाले. आणि मग, जास्त हळू, "तू बाहेर थांब."

ती बाहेर थांबली. फोन अजून हातात होता, व्हिडिओ काढायच्या तयारीत. पडद्यावर तिच्या चपलांचं चित्र दिसत होतं.

·

स्वयंपाकघरात वहिनी हात धूत होती. ती बराच वेळ हात धूत राहिली.

"कधीपासून?"

"तू विश्रांती घे म्हणालीस ना, तेव्हापासून. आधी शनिवारी घेतली. आकडा वाढला. मग शुक्रवारही धरला. मग गुरुवार. सोमवारी तर अंग इतकं दुखतं की कूस बदलता येत नाही. मंगळवारी तेच. बुधवारी जरा उठवतं म्हणेपर्यंत हे म्हणतात, आता रविवारसाठी ठेवतो."

"काय ठेवतो?"

"ताकद. डब्यात ठेवल्यासारखी." वहिनीने नळ बंद केला. "मी निघताना तुझ्या त्या खुर्चीत बसवून जाते. आपलं आपण उठेन, सवय होईल, म्हणत त्यांनीच मागून घेतली. काही दिवशी उठतात. बहुतेक दिवशी नाही."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"नको म्हणाले. म्हणाले, तिला एकच दिवस मिळतो, तो कशाला नासवायचा?" वहिनीने हात पुसले. "आणि खरं सांगू? रविवारी घरात हसू असायचं. तुझं, त्यांचं. मला ते मोडवेना. म्हणून खिळा ठोकला."

कोचला काहीतरी म्हणायचं होतं. घशातून आलं ते भलतंच. "मी रजा काढते. महिनाभर. इथेच राहते. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, मी त्यांना असं उभं करते की—"

"झालं. सुरू झालीस."

"काय झालं?"

"परत रविवारच करतेयस तू. फक्त मोठा."

नणंद-भावजयीत एरवी एका टोमण्याला दुसरा तयार असायचा. कोचने ओट्याकडे बघितलं. ओट्याच्या कडेला, बाबा पूर्वी जिथे धरायचे तिथे, आता बरण्या मांडलेल्या होत्या.

·

त्या संध्याकाळच्या वर्गात टीव्हीवर बाबा मुठी वर करत होते. आवाज बंद. जबडा उघडा. तिला आता त्यांच्या मानेवरच्या शिरा दिसत होत्या, आणि खाली बसताना एक हात मांडीकडे जाऊन आकडा आठवल्यासारखा परत छातीवर येत होता, तोही दिसला. सतरांदा बघितलेला व्हिडिओ.

"कोच, काका कसे आहेत?" एकाने विचारलं. "आज किती?"

"मस्त," ती म्हणाली.

मालकाला तिने सांगितलं, तो व्हिडिओ काढा. का, तर म्हणे प्रकाश बरोबर नाही. मालक म्हणाला, प्रकाशाचं काय एवढं, लोकांना आवडतोय, नवीन आला की बदलू. खरं कारण तिच्या जिभेपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. ती टीव्हीकडे पाठ करून शिकवायला लागली. पण समोरच्या भिंतीला आरसा होता.

गुरुवार

दोन पाळ्यांच्या मधे ती आली. वहिनीकडून दुसरी किल्ली घेऊन. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही, तिनेही त्यांच्याकडे नाही. दोघंही खुर्चीशी बोलत असल्यासारखी बोलली.

"हिच्यावर उशी टाकू. उंच होईल. आणि ओट्याला धरायचं."

"तू म्हणालीस धरायचं नाही."

"मी म्हणाले होते."

तिने बरण्या उचलून फळीवर ठेवल्या. बाबांनी ओटा धरला आणि टाचा उचलल्या. टाचा उचलल्या गेल्या की नाही हे बघायला तिला वाकावं लागलं.

शुक्रवार

"किती झाले?"

"मोजले नाहीत."

"मग वाढले की नाही, कसं कळणार?"

"नाही कळणार."

बाबा ओठांतल्या ओठांत मोजत होते. तिने ऐकलं. थांब म्हणायचा तिला धीर झाला नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

शनिवार

पॅसेजमधून भिंतीच्या कडेने जाऊन येणं. एका फेरीनंतर तिनेच थांबवलं. बाबांना अजून जायचं होतं.

"आत्ता कुठे अंग तापलं."

"म्हणूनच थांबायचं."

रविवार

ती आली तेव्हा बाबा अंघोळ करून, बाह्या दुमडून खुर्चीत बसले होते. उशी त्यांनी काढून ठेवली होती.

तिने उशी परत ठेवली. त्या दिवशी त्यांनी शनिवारी केलं तेवढंच केलं. वहिनी दारात उभी राहून बघत होती. टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा ती आत गेली. मग तिघांनी चहा घेतला. हसण्यासारखंही काही निघालं नाही.

"त्या रविवारी," बाबा कपाकडे बघत म्हणाले, "आकडा कमी आला होता ना, तेव्हा तुझा चेहरा केवढासा झाला होता. म्हटलं, परत असा होऊ द्यायचा नाही."

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आली ती नुसती लाज, कानांपर्यंत. तिने कप विसळायला नेला.

सोमवार मंगळवार बुधवार गुरुवार शुक्रवार शनिवार रविवार सोमवार

आणि पुढेही तेच. टाचा. खुर्ची. पॅसेज. जिममध्ये ती जेवढ्या वेळात एक गट थकवते तेवढा वेळ इथे नुसता येण्यातच, बसमध्ये, जातो. बाबा दमत नव्हते. तीही दमत नव्हती. आपण काही केलं, असं तिला कधीच वाटायचं नाही, आणि परत जाताना बसमध्ये ती हात मांडीवर टाकून बसायची, रिकामे.

"कंटाळा आला," एके दिवशी बाबा म्हणाले.

"मलाही."

"लिफ्टमध्ये निदान माणसं बदलायची."

"लिफ्टमध्ये तुला कंटाळा यायचा?"

"रोज. पहिल्या दिवसापासून." त्यांनी टाचा खाली टेकवल्या. "पण म्हणून लिफ्ट मजल्यांच्या मधे थांबवून ठेवली नाही कधी."

मंगळवार

ती गेली नाही. दुपारचा जास्तीचा वर्ग होता, बडी माणसं येणार होती, कोचच हवी होती. उद्या जास्त वेळ थांबेन, असं तिने मनाशी म्हटलं. मन चटकन हो म्हणालं.

बुधवार

बाबा दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. उशी घातलेली. कालचाच सदरा अंगात.

"काल तू आली नाहीस, म्हणून मीही नाही केलं. आज दुप्पट करू या का?"

तिला वाटलं, आपणच बोललो. वाक्य तिचं होतं, उत्साह तिचा होता, 'करू या का' म्हणताना पुढे झुकायची ढबही तिची. वर्गात ती हेच म्हणते, लोक टाळ्या वाजवतात.

"नाही, बाबा. आजचंच."

"आणि कालचं?"

"कालचं गेलं."

तिला ठाऊक होतं, हे सांगायचा हक्क तिला नाही, आणि दुसरं सांगणारंही कुणी इथे नाही.

"मी नाही आले तरी तू कर," ती म्हणाली. "माझ्यासाठी करू नकोस."

"मग कुणासाठी?"

तिने संडासच्या दाराकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. नंतर ते स्वतःच हसले, अगदी थोडं. "बरं. त्याच्यासाठी."

·

टीव्हीवरचा व्हिडिओ अजून चालू आहे. एका नव्या मुलीने विचारलं, कोच, मी पण रविवारी जास्तीत जास्त करून बघू का? आधी दोन दिवस काही करायचं नाही ना? कोचने तोंड उघडलं. आरशात तिला स्वतःचा उघडा जबडा दिसला, आणि त्याच्या मागे बाबांचा.

"ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "तो व्हिडिओ खोटा नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांना उठता येत नव्हतं. मी तेव्हा तिथे नव्हते."

मुलगी बावरली. आजूबाजूचे दोघं-तिघं थांबले. मग कोच म्हणाली, "चला, पाणी प्या," आणि सगळे पाणी प्यायला गेले, तहान नसलेलेही.

शुक्रवार

तिने बेल वाजवली. किल्ली खिशात होती. पण आता ती आधी बेल वाजवते.

"आलो, आलो."

ती उभी राहिली. आत रबर घासल्याचा आवाज झाला. मग काही नाही. मग धाप. तिचा हात खिशात गेला, किल्लीला लागला. तिने तो तसाच ठेवला. आतून काही पडल्याचा आवाज आला नाही, हाकही आली नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. आत पावलं, किंवा पावलांसारखं काही. एक. बऱ्याच वेळाने दुसरं. भिंतीवरून तळहात सरकल्याचा आवाज.

आतून कुलूप फिरलं.

बाबा चौकटीला धरून उभे होते. पँट कोरडी होती. ते रागावल्यासारखे दिसत होते, पण तो श्वास होता.

"कितवा मजला?" त्यांनी विचारलं.

तिला त्यांच्याकडे बघता आलं नाही. ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली, आणि बाबा ती आत येण्याची वाट बघत उभे राहिले.

·

पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी, वहिनी शाळेत असताना, रबरी पट्ट्यांचं पार्सल आलं होतं. बेल वाजल्यावर बाबांनी एकट्याने खुर्चीतून उठून दार उघडलं आणि ते घेतलं.